एक-तीन-चार-दोन

बी.कॉम. होऊन बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाला यंत्रातलं काही कळू नये, अशी समाजाची अपेक्षा असते आणि वीस वर्षं मी तिला तडा जाऊ दिलेला नव्हता. आमच्याकडे ट्यूब गेली तर मी स्टूल धरतो आणि वर सौभाग्यवती चढतात. अशा गृहस्थानं रविवारी सकाळी वर्ध्यातल्या आपल्या अंगणात १९८२ सालच्या प्रीमियर पद्मिनीचा डिस्ट्रिब्युटर बदलायला घेतला, तर शेजारी कुंपणाशी चहाचे कप घेऊन उभे राहणारच.

कारण एवढंच घडलं, की बाबा म्हणाले, "विकून टाक बे." बाबा इतिहासाचे मास्तर. १९९० साली त्यांनी ही गाडी एका डॉक्टरांकडून जुनी घेतली आणि त्यानंतर तिच्या पोटात दुसऱ्या कुणाला हात घालू दिला नाही. आता त्यांची नजर पार अधू झालीय. गाडी चार महिने जागची हलली नव्हती आणि भंगारवाला सोमवारी येतो म्हणाला होता. "विकून टाक" म्हणताना बाबांनी तोंड मुद्दाम पपईच्या झाडाकडे केलं होतं.

आधी एक तरुण मेकॅनिक येऊन गेला. बॉनेट उघडून बराच वेळ शोधाशोध करून त्यानं विचारलं, "काका, याले स्कॅनर कुठं लावू?" मग बाबांच्या ओळखीचे, आता घरीच असणारे एक जुने मिस्त्री आले. त्यांनी टोपी काढून आतला दांडा दोन बोटांत धरून हलवला. "डेल्को गेला. बुश झिजला, दांडा डुलते. पॉइंट किती बदलवान?" म्हणाले. नागपूरहून नवा नग आणायला सांगितलं आणि बसवायच्या कामातून कमरेचं कारण सांगून सुटले.

त्यांच्या तोंडचा हा 'डेल्को' म्हणजे काय, ते बाबांनी सांगितलं. इतिहासाचा मास्तर खुर्चीत आणि पोरगं पान्यासह समोर, अशी संधी त्यांना पुन्हा थोडीच मिळणार होती! डेल्को हे अमेरिकेतल्या एका कंपनीचं आद्याक्षरी नाव: डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी. १९०९ साली ती काढणारा चार्ल्स केटरिंग आधी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होता. दुकानातला गल्ला विजेवर चालवला तो त्यानंच. (कॅश काउंटरवर आयुष्य काढलेल्या माझ्या मनात त्याच्याविषयी एकदम आपुलकी उत्पन्न झाली.) मोटारीच्या ठिणगीवरचं त्याचं काम एका मित्राच्या गोठ्यावजा कोठारात चालायचं. तिथून निघालेली इग्निशन १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांत बसली.

"म्हणजे घरच्या घरीच," मी म्हणालो.

"त्याला कळत होतं," बाबा म्हणाले.

केटरिंगची युक्ती तशी साधी. बॅटरी बिचारी बारा व्होल्टची. पॉइंट झटकन उघडले, की कॉईल त्या बाराचे हजारो व्होल्ट करते. आता हे घबाड चार प्लगांना वाटायचं, तर मधोमध एक रोटर फिरतो आणि टोपीतल्या चार खुंट्यांना पाळीपाळीनं देत जातो. इंजिनाचे दोन फेरे होतात तेव्हा त्याचा एक. हे वाटप एक-दोन-तीन-चार असं मात्र होत नाही. पहिला आणि चौथा दट्ट्या बरोबरीनं वर येतात, दुसरा आणि तिसरा बरोबरीनं. म्हणून फियाटचा क्रम एक-तीन-चार-दोन. आमच्या शाखेत टोकन असताना मी एकदा गडबडीत याच क्रमानं पैसे दिले होते. दोन नंबरच्या गृहस्थांनी मॅनेजरसाहेबांना केबिनमधून बाहेर काढलं होतं.

वर्ध्याला या वाटपवाल्याची फारशी गरज पडली नाही, हेही बाबांनीच सांगितलं. जमनालाल बजाजांच्या जुन्या फोर्ड मोटारीला बैल जुंपले होते आणि लोक तिला 'ऑक्सफर्ड' म्हणत, असं आमच्याकडे सांगतात. बैलांना ठिणगी लागत नाही; पराणी पुरते. गांधीजी १९३६ साली शेगावला, म्हणजे आताच्या सेवाग्रामला, राहायला आले त्या काळच्या या गोष्टी. पुढं बजाजांच्या नावाची स्कूटर देशभर धावली. तिलाही डिस्ट्रिब्युटर नव्हता. सिलिंडर एकच. एकुलत्या पोराच्या घरात वाटणी कशाची?

आमच्या घरातला चार भावांचा संसार कुर्ल्यात जन्मला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. १९५४ पासून तिथं फियाट ११०० तयार होऊ लागली आणि १९७४ साली तिच्याच वंशातल्या गाडीला पद्मिनी नाव मिळालं. राणीचं नाव दिल्यावर ती बसून राहणार, हे ओघानं आलंच.

इतिहास इथवर येईपर्यंत मी जुना डिस्ट्रिब्युटर बाहेर काढला होता. काढण्यापूर्वी रोटरचं तोंड कुठं आहे त्याची खूण बाबांच्या खडूनं इंजिनावर केली होती आणि मग, नवा नग स्वच्छ जागी बसावा म्हणून, रॉकेलच्या फडक्यानं इंजिन पुसून लख्ख केलं होतं. खुणेसकट.

"आता पहिल्या नंबरचा प्लग काढ. दट्ट्या दाबत वर येते तेव्हा हवा बाहेर फेकते, ते पाहायचं."

वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला भोक दिसलं की त्यात कापूस घालावासा वाटतो. मी बोळा केला.

"अंगठा लाव, अंगठा! आधी आत ओढते ते. कापूस पोटात गेला म्हणजे?"

मग गाडी टॉप गिअरमध्ये टाकून चिरंजीव मागून ढकलू लागले आणि मी बॉनेटखाली वाकून, अंगठा भोकावर ठेवून, गाडीबरोबर उलट्या पावलांनी चालू लागलो. कुंपणाशी चहाचा दुसरा राउंड झाला. अंगठ्याखाली काहीतरी फुसफुसल्याचा भास झाला, मी "थांब!" म्हणालो, डिस्ट्रिब्युटर बसवला, चारी वायरी एक-तीन-चार-दोन लावल्या आणि चावी फिरवली.

असा बार उडाला की पपईवरचे कावळे उठले.

बाबा खुर्चीत हसत होते. चार महिन्यांत पहिल्यांदा. "अर्धा फेरा चुकला बे. दट्ट्या वर दोनदा येते. एकदा दाबायले, एकदा धूर फेकायले. तू धुराच्या वक्ताले ठिणगी देऊन राह्यला."

ते उठले. चिरंजिवांचा खांदा धरून गाडीपाशी आले, बॉनेटच्या कडेवरून हात सरकवत बरोबर डिस्ट्रिब्युटरवर आणला, क्लँप ढिला केला आणि रोटरचं तोंड अर्धा फेरा फिरवून बसवलं. एवढं मला रॉकेल पुसण्याआधी साधलं नव्हतं. "मार सेल्फ."

इंजिन खोकलं, थरथरलं आणि लागलं. बाबा कान देऊन बुड किंचित इकडे, किंचित तिकडे फिरवत राहिले. आजच्या गाड्यांत प्रत्येक प्लगावर स्वतंत्र कॉईल असते, वेळ कॉम्प्युटर ठरवतो, फिरवायला काही उरलेलं नाही. आवाज एका जागी एकसारखा झाला तसे ते म्हणाले, "बस. आवळ."

भंगारवाल्याला मी तिथूनच फोन केला. मग बाबांना पुढच्या सीटवर बसवून पवनारपर्यंत चक्कर मारली. धाम नदीच्या पुलावर त्यांनी काच खाली घेतली आणि कान बाहेर काढला. मला वाटलं, नदी ऐकताहेत.

"टॅपेट वाजून राह्यली बे," ते म्हणाले. "पुढचा रविवार मोकळा ठेव."