शिमगा ते मृग: कोकणातलं बंद घर पुन्हा राहतं करायला किती दिवस मिळतात?

मुंबई-पुण्यातल्या अनेक फोनमध्ये गावच्या घराचा एक फोटो असतो. कौलारू छप्पर, समोर खळं, तुळशीवृंदावन. फोटो मागच्या गणपतीतला असतो आणि त्यानंतर दाराला कुलूप असतं. शिमग्याला गावी गेल्यावर कुणीतरी म्हणतं, "यंदा घराचं काम काढूया." मग प्रश्न येतो तो वेळेचा.

होळी साधारण मार्चमध्ये येते आणि मृग नक्षत्र लागतं 7-8 जूनला. म्हणजे हातात जेमतेम अडीच-तीन महिने. त्यातही पाऊस पंचांग पाळेलच असं नाही. मुंबईत मान्सून पोहोचण्याची सरासरी तारीख 11 जून आहे, पण 2025 मध्ये तो 26 मेलाच दाखल झाला. तळकोकणात तर आणखी आधी. कौलं उतरवलेल्या घरावर असा पाऊस आला, तर मातीच्या भिंती चार दिवसांत खचू शकतात.

आधी कागद, मग कौलं

कोकणातली बरीच घरं आजोबा-पणजोबांच्या नावावर आहेत आणि वारस मात्र दहा ठिकाणी. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या उताऱ्यावर घर कुणाच्या नावे आहे आणि जमिनीच्या सातबारावर कोणकोणाची नावं आहेत, हे दोन्ही पाहून घ्यावं. ही नावं नेहमी जुळतात असं नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यात 2005 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींनाही मुलांइतकाच हक्क आहे. त्यामुळे "आत्याला विचारायची काय गरज?" हे वाक्य आता चालत नाही. सगळ्यांची लेखी संमती घेऊन खर्च कोणी किती केला याची वही ठेवली, तर पुढच्या पिढीचं एक भांडण वाचतं. घर पाडून नवीन बांधायचं असेल, तर परवानगीचा विषय वेगळा. त्यासाठी ग्रामपंचायतीत आधीच विचारलेलं बरं.

बंद घर एवढ्या लवकर का खराब होतं?

माणसं राहत होती तेव्हा रोज चूल पेटायची. तिचा धूर आढं, वासे आणि रिपांवर बसायचा आणि लाकडाला कीड कमी लागायची. दर उन्हाळ्यात शाकारणी व्हायची, म्हणजे कौलं उतरवून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा रचली जायची. घर बंद झालं की दोन्ही थांबतं. एक कौल सरकतं, तिथून पाणी वाशावर येतं, ओल्या वाशाला वाळवी लागते आणि वासा वाकला की शेजारची दहा कौलं सरकतात.

म्हणून सुरुवात छपरापासून. फरशी आणि रंग सगळ्यात शेवटी. मंगलोरी कौलं एका चौरस मीटरला साधारण 15 लागतात. ही कौलं भारतात बनू लागली ती 1865 च्या सुमारास, बासेल मिशनच्या मंगळूरमधल्या कारखान्यात. त्याआधीची नळीची कौलं अजून काही घरांवर दिसतात. जुनी मंगलोरी कौलं धड असतील तर फेकू नयेत. जास्त काळजी त्यांच्याखालच्या लाकडाची करावी. वाशावर स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला आणि तो सहज आत गेला, तर वासा बदलायचा.

इथे माकडांचा विषय काढावाच लागेल. कौलांवर उड्या मारणाऱ्या माकडांना कंटाळून गावोगाव लोकांनी पत्रे टाकले आहेत. दिसायला वाईट, एप्रिलमध्ये भट्टी, पावसात कानठळ्या. पण घरात कायम कुणी राहत नसेल, तर दरवर्षी फुटकी कौलं बदलणार कोण? पत्र्यावर कौलं बसवण्याचा मधला मार्ग हल्ली बरेच जण काढतात आणि तो वाईट नाही. फक्त वजन वाढतं, तेव्हा वासे भक्कम हवेत. वादळाचाही विचार हवा. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीच्या किनारपट्टीत कितीतरी घरांची छपरं उडाली आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. छप्पर भिंतीला नीट बांधलेलं आहे का, हे सुताराकडून तपासून घ्यावं.

जांभ्याच्या भिंतीला सिमेंट?

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. जांभा दगड सच्छिद्र असतो. पावसाळ्यात ओल शोषतो, नंतर सोडतो. त्यावर सिमेंटचं जाड प्लास्टर केलं की ओल आतच अडकते आणि दोन-तीन पावसाळ्यांत प्लास्टर फुगून पडतं. जुन्या चिऱ्याच्या किंवा मातीच्या भिंतीला चुन्याचा गिलावा जास्त मानवतो. चुन्याचं काम जाणणारे गवंडी कमी उरलेत, हे खरं. तसा गवंडी मिळाला नाही, तर चिरे उघडे ठेवून सांधे भरून घेणं केव्हाही चांगलं.

नवीन शौचालय बांधताना टाकी विहिरीपासून किमान 15 मीटर लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला हवी. जांभ्यातून पाणी झपाट्याने झिरपतं, त्यामुळे या अंतरात तडजोड नको.

बाग वसंतात, पण झाडं जूनमध्ये

रील्समध्ये वसंत म्हणजे रोपं लावण्याचा ऋतू असतो. तो थंड देशांतला. कोकणात चैत्रात आंबा-काजू हाताशी येतात, सुरंगीचा वास दरवळतो आणि त्याच वेळी विहिरीचं पाणी तळाला जातं. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडूनही मे महिन्यात टँकर लागतो, कारण कातळावर पाणी थांबत नाही. एप्रिलमध्ये लावलेलं कलम रोज पाणी घालणारं माणूस नसेल तर जगत नाही.

या दिवसांत करायचं काम वेगळं. आधी जेसीबी अंगणात घालू नये. तो अर्ध्या तासात जुनी अनंताची झुडपं, अबोली आणि वरची थोडीशी माती सगळंच घेऊन जातो. कोसळलेला गडगा रचून घ्यावा, नाहीतर गुरं जुलैत बाग खातील. खड्डे एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू द्यावेत, मग पालापाचोळा, शेणखत आणि माती भरून ठेवावी. नारळाला दोन झाडांत साडेसात मीटर, आंब्याला 10 मीटर अंतर धरतात. नारळ घरापासून लांबच बरा. कौलावर पडलेला एक नारळ सगळी शाकारणी वाया घालवतो.

कोकमाचं रोप घेताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. बी पेरून केलेल्या रोपांतली साधारण निम्मी नर निघतात आणि त्यांना फळ धरत नाही. हे कळायला काही वर्षं जातात. त्यामुळे कलमच घ्यावं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत कोकम, काजू, आंब्याची कलमं मिळतात. मागणी जूनमध्ये एकदम वाढते, म्हणून मेमध्येच नोंद करून ठेवावी.

न्हाणीघराचं पाणी मात्र आजपासून वापरता येईल. चर खणून ते केळी आणि अळूकडे वळवलं की घरात माणसं असेपर्यंत तरी परसदार हिरवं राहतं. मृगाचे एक-दोन चांगले पाऊस झाले, माती खोलवर भिजली, की कलमं लावायची. त्या आठवड्याची रजा ऑफिसात आत्ताच टाकून ठेवावी.