रानपिंगळा आणि खोटी चिठी

[नभोवाणीवर झालेलें भाषण]

गेल्या माघ महिन्यांत आम्ही सहा जण मेळघाटच्या अरण्यांत गेलों होतों. चौघे माझे जुने विद्यार्थी, पांचवे त्यांतल्या एकाचे सासरे, अडत्याचा धंदा करणारे सधन गृहस्थ, आणि सहावा मी. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला सेवानिवृत्त मास्तर. इतिहास-भूगोल शिकविण्यांत जन्म गेला. प्राणिशास्त्र हा माझा विषय नव्हे, हें आधींच सांगून टाकतों. आमच्याबरोबर वाटाड्या म्हणून जवळच्याच खेड्यांतला एक कोरकू तरुण होता. त्यानें पहिल्याच सकाळीं बजावलें, "गुरुजी, वाघ दाखवीन असें मी म्हणत नाहीं. अस्वलाचेंहि वचन देत नाहीं. फिरवीन मात्र चांगलें."

दोन दिवस आम्ही फिरलों. मेळघाट हें नांवच घाटांच्या मेळाचें आहे. एक डोंगर उतरावा तों दुसरा पुढें उभा. १९७३ सालीं व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हां ज्या नऊ अरण्यांची प्रथम निवड झाली त्यांत हें एक. पण येथें वाघ सहसा रस्त्यावर आडवा येत नाहीं. दऱ्या खोल, गवत उंच, आणि माणसाची चाहूल जनावरांस लांबून लागते. आम्हांला गव्यांचा एक कळप दिसला, सांबरें दिसलीं, उतरणीवरून पळत जाणारे तीन रानकुत्रे क्षणभर दिसले. अस्वलानें उकरलेलें वारूळ दिसलें, अस्वल नाहीं. ओढ्याकांठच्या वाळूंत वाघाचीं पावलें दिसलीं, इतकीं ताजीं कीं त्यांच्या कडा अजून ढांसळल्या नव्हत्या. वाटाड्यानें मोटारींतूनच वांकून पाहिलें आणि हळूच म्हणाला, "पहांटे गेला." सासरेबुवा उभे राहून दुर्बीण फिरवीत होते. त्यांना पावलें नको होतीं, वाघ पाहिजे होता. त्यासाठीं त्यांनीं पैसे मोजले होते!

माझें मन मात्र एका वीतभर पांखरावर होतें. त्याचें नांव रानपिंगळा. आज मी बोलणार आहें तें त्याच्याविषयीं. कारण त्याची हकीकत जितकी पक्षिशास्त्राची, तितकीच इतिहासाची आहे.

गांवांतला साधा पिंगळा आपणां सर्वांच्या ओळखीचा. हातांत कंदील घेऊन पहांटे दारीं येणारा पिंगळा जोशी त्याच्याच नांवानें ओळखला जाई. पांखराची भाषा आपणांस कळते असें सांगून तो भविष्य वर्तवी. या गांवच्या पिंगळ्याचें डोकें ठिपक्याठिपक्यांचें असतें. रानपिंगळ्याच्या माथ्यावर ठिपके जवळजवळ नसतातच. डोकें आणि चोंच अंमळ मोठीं, पंखांवर व शेपटीवर ठसठशीत पांढरे पट्टे, आणि पाय बोटांपर्यंत पांढऱ्या पिसांनीं झांकलेले. शिवाय घुबडाच्या जातीचा असूनहि हा दिवसा उजेडीं हिंडतो, शिकार करतो, थंडीच्या दिवसांत सकाळीं उन्हास बसतो.

शास्त्राच्या दप्तरांत त्याची पहिली नोंद १८७२ सालच्या डिसेंबरांतली. आजच्या छत्तीसगडांत महासमुंद जिल्ह्यांत बसना म्हणून गांव आहे. त्या फुलझरच्या मुलखांत ब्लेविट नांवाच्या अधिकाऱ्यास तो मिळाला. पुढील वर्षीं अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनीं त्याचें वर्णन छापून त्यास ब्लेविटचें नांव दिलें. हे ह्यूम म्हणजे तेच, ज्यांचें नांव १८८५ च्या काँग्रेसच्या स्थापनेच्या धड्यांत आम्ही मुलांकडून पाठ करून घेत असूं. पक्ष्यांच्या अभ्यासांत ते केवढे थोर होते हें त्या धड्यांत कोठेंच नव्हतें, आणि मलाहि तें साठीनंतर कळलें. १८७७ सालीं भूगर्भशास्त्रज्ञ बॉल यांस हा पक्षी ओडिशांतील खरियारच्या बाजूस आढळला. त्यानंतर आपल्या खानदेशांत जेम्स डेव्हिडसन हा मुलकी अधिकारी आला. त्यास सातपुड्याच्या पायथ्याशीं, शहादें-तळोदें या भागांत, हा पिंगळा अनेकदां मिळाला. १८८४ पर्यंत एकंदर सात नमुने जमले. त्यानंतर मात्र रानपिंगळा नाहींसा झाला. मेला कीं दडला, कोणास ठाऊक नव्हतें.

नमुना म्हणजे काय, हें थोडें सांगावयास पाहिजे. त्या काळीं पक्षी अभ्यासावयाचा म्हणजे बंदुकीनें पाडावयाचा. मग कातडें पिसांसकट सोडवून आंत कापूस भरावयाचा, टांके घालावयाचे, आणि पायास एक चिठी बांधावयाची. चिठीवर दिनांक, स्थळ व मिळविणाऱ्याचें नांव. पांखरूं कितीहि सुंदर असो, चिठी नसेल तर त्याची किंमत शून्य. पुढचा सारा विचार त्या बोटभर कागदावर चालतो. त्या चिठीवर वाटाड्याचें नांव मात्र लिहीत नसत. डेव्हिडसनास त्या रानांतून कोणी फिरविलें, कोणत्या भिल्लानें वा पावऱ्यानें पांखराचें ठिकाण दाखविलें, हें चिठी पाहून आज कळावयाचें नाहीं.

आतां लंडनच्या संग्रहालयाकडे वळूं. तेथें या जातीचा आणखी एक नमुना होता, आणि त्याच्या चिठीवर साल होतें १९१४. स्थळ तापीकांठचें मांडवी, म्हणजे गुजराथेंतलें. मिळविणारा कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन. हा इंग्रज लष्करी अधिकारी पहिल्या महायुद्धांत हेरखात्यांत गाजलेला, पक्ष्यांचा मोठा जाणकार, बोलका, रुबाबदार. आपले सलीम अली १९३७ सालीं याच्याबरोबर अफगाणिस्तानांत पक्षी पाहण्यास गेले होते. १९५४ सालीं त्यानें आपला सुमारें वीस हजार कातड्यांचा संग्रह त्याच संग्रहालयास देऊन टाकला. एवढ्या मोठ्या दात्याच्या शब्दावर शंका कोण घेणार? म्हणून पुस्तकांतून छापलें जाऊं लागलें कीं रानपिंगळा १९१४ पर्यंत होता, आणि तो मांडवीस होता.

शोधणारे त्या चिठीच्या मागें लागले. सलीम अली व अमेरिकेचे डिलन रिप्ले यांच्यासारख्या मोठ्या माणसांनीं त्याचा शोध केला, तोहि व्यर्थ गेला. एकदां त्याचें छायाचित्र मिळाल्याचा गवगवा झाला, पण तो निघाला आपला गांवचाच पिंगळा. हळूहळू जाणते लोक म्हणूं लागले कीं ही जात बहुधा पृथ्वीवरून गेली.

माइनर्ट्‌झहागेन १९६७ सालीं वारला. त्याच्या हयातींतहि कुजबूज होती. पहिल्या महायुद्धानंतर, नमुने न विचारतां बाहेर नेल्यावरून, संग्रहालयानें त्यास कांहीं काळ पक्षिविभागांत येण्याची बंदी केली होती. पण दात्याचा दरारा मोठा असतो. १९९३ सालीं ॲलन नॉक्स या शास्त्रज्ञानें त्याच्या कांहीं नमुन्यांच्या चिठ्या खोट्या असल्याचें दाखवून दिलें, आणि मग तपासास तोंड फुटलें. दक्षिण आशियांतील पक्ष्यांवर पुस्तक लिहिण्यासाठीं अमेरिकेंतील पामेला रासमुसेन या विदुषी संग्रहालयांतून एकेक कातडें हातांत घेऊन पाहत होत्या. १९१४ चा रानपिंगळा त्यांच्यासमोर आला. एकदां भरून झालेलें कातडें कोणीतरी पुन्हां उसवून पुन्हां भरलें होतें! क्ष-किरणांनीं तपासलें तेव्हां आंतील मूळची बांधणी डेव्हिडसनच्या हातची निघाली. प्रत्येक शिंप्याचा टांका निराळा असतो, तसा कातडें भरणाराचाहि हात निराळा असतो. म्हणजे डेव्हिडसननें खानदेशांत मिळविलेला पक्षी संग्रहालयांतून चोरून, वरून सारवासारव करून, पायास नवी चिठी बांधून तो आपला म्हणून मिरविला गेला होता.

हें वाचलें तेव्हां मला माझ्या शाळेंतला एक मुलगा आठवला. त्यानें परीक्षेच्या आदल्या दिवशीं दुसऱ्याची भूगोलाची वही पळवून वरचें पान बदललें, आपलें नांव सुबक अक्षरांत घातलें, वर तुळशीचें चित्रहि काढलें. आंतलें अक्षर कोठें जाणार? मीं त्यास छडी मारली नाहीं. फक्त वही उघडून त्याच्यापुढें धरली. त्याचे कान लाल झाले. कर्नलसाहेबांपुढें कोणी अशी वही धरली नाहीं. ते मानानें गेले. एवढें मोठें ज्ञान असलेल्या माणसास हा मोह कां व्हावा, हें कोडें मला सुटलेलें नाहीं.

पण या चोरीचा भुर्दंड कोणी भरला, तें पाहा. चिठी खोटी ठरतांच १९१४ साल गेलें आणि मांडवीहि गेली. उरले ते १८८४ पूर्वींचे सात खरे नमुने व त्यांचीं खरीं स्थळें. १९९७ सालच्या नोव्हेंबरांत रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अॅबट असे तिघे त्याच स्थळांची यादी घेऊन आले. प्रथम पूर्वेकडे ब्लेविटच्या मुलखांत हिंडले. कांहीं मिळालें नाहीं. मग ते खानदेशांत डेव्हिडसनच्या वाटेनें आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं सकाळीं शहाद्याजवळच्या रानांत बेन किंग यांस निष्पर्ण फांदीवर एक पिंगळा उन्हास बसलेला दिसला. डोक्यावर ठिपके नाहींत, पाय पांढरे. त्यांनीं छायाचित्रें घेतलीं, चलच्चित्रहि घेतलें. ११३ वर्षांनीं रानपिंगळा सांपडला, आणि सांपडला तो खऱ्या चिठीनें सांगितलें होतें तेथेंच!

वर्तमानपत्रांनीं लिहिलें कीं शोध लागला. मला हा शब्द जरा खटकतो. रानांत गुरें चारणाऱ्यांना, मोहफुलें वेंचणाऱ्यांना तें पांखरूं दिसत नसेल काय? त्यांना कोणी विचारलें नव्हतें इतकेंच. पण हेंहि खरें कीं, त्यांना ठाऊक असलेलें पांखरूं जगाच्या लेखीं मेलेलें होतें, आणि मेलेल्याच्या घराचें रक्षण कोण करतो? शहादें-तळोद्याच्या पायथ्याचें रान मधल्या काळांत झपाट्यानें तुटलें, जमिनी नांगराखालीं आल्या. पिकावर पोट असलेल्या माणसास मी दोष देत नाहीं. पण पांखरूं जिवंत आहे हें ठाऊक असतें तर कांहीं राखतां आलें असतें, असें राहून राहून वाटतें. शिवाय जादूटोण्यासाठीं घुबडें मारण्याची दुष्ट चाल आपल्याकडे अजून पुरती मोडलेली नाहीं.

१९९७ नंतर मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनीं सातपुड्याचीं रानें पायांखालीं घातलीं. तोरणमाळास, मेळघाटांत, पलीकडे मध्यप्रदेशांत रानपिंगळे मिळाले. मेळघाटचे तर आज मुख्य घर मानलें जातें. २०१४ सालीं तो थेट तानसाच्या अभयारण्यांत, मुंबईच्या उंबरठ्याशीं, दिसला. पुढील वर्षीं गुजराथेंत डांगच्या पूर्णा अभयारण्यांत. २०१८ सालीं त्याचें नांव अतिसंकटग्रस्त जातींतून संकटग्रस्त जातींत आलें. आजाऱ्यास खाटेवरून उठवून खुर्चींत बसविलें, इतकाच त्याचा अर्थ.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं वाटाड्या आम्हांला मोटारींतून उतरवून, अरण्याच्या कडेला जेथें पायीं फिरण्यास मनाई नाहीं तेथें घेऊन गेला. सागाचीं पानें पायांखालीं वाजत होतीं. तो आम्हांला पायवाटेच्या मातीवरून चालावयास सांगे. एका विद्यार्थ्यानें खिशांतला मोबाईल काढून रानपिंगळ्याचा मुद्रित आवाज वाजविण्याची तयारी केली. वाटाड्यानें त्याचा हात धरला. "तो समजेल दुसरा नर घरांत शिरला," तो म्हणाला, "पिलांचें सोडून भांडत बसेल." मग आम्ही एका दगडाआड बसून राहिलों. अर्धा तास गेला. सासरेबुवांनीं दोनदां घड्याळ पाहिलें. ऊन सागाच्या शेंड्यावर आलें, आणि वाटाड्यानें हात न उचलतां नुसती हनुवटी पुढें केली.

वाळक्या फांदीच्या टोंकाशीं तो बसला होता. फांदीचीच गांठ वाटावी असा. मग गांठीनें मान फिरविली. शेपूट दोनदां डावी-उजवीकडे हलविली, पंख जरासा उघडून उन्हास धरला. पट्टे दिसले, पांढरे पाय दिसले. माझी दुर्बीण जुनी आणि हात कांपरे, तरी डोकें मीं नीट पाहिलें: ठिपके नव्हते. चारपांच मिनिटांनीं तो खालीं गवतांत उतरला, एक सरडा उचलून पलीकडच्या झाडांत गेला.

मुक्कामाच्या ठिकाणीं एक वही ठेविलेली असते; कोणी काय पाहिलें तें तींत लिहावयाचें. संध्याकाळीं निघण्यापूर्वीं सासरेबुवांनीं ती उघडली व लेखणी सरसावून म्हणाले, "गुरुजी, वाघ दिसला असेंच लिहूं या. पावलें ताजीं होतीं. दहा मिनिटें आधीं गेलों असतों तर दिसलाच असता कीं नाहीं? कोण विचारतो!" विद्यार्थी हंसले. वाटाड्या हंसला नाहीं. त्यानें फक्त माझ्याकडे पाहिलें. मीं वही माझ्याकडे ओढली आणि शाळेंत हजेरी लिहीत असें तशा अक्षरांत लिहिलें: वाघ – दिसला नाहीं, ओढ्याच्या वाळूंत पावलें. अस्वल – उकरलेलें वारूळ. रानपिंगळा – एक, सागाच्या वाळक्या फांदीवर, सकाळीं सवाआठ. शेवटच्या रकान्यांत पाहणाराचें नांव होतें. तेथें मीं आमच्या वाटाड्याचें नांव त्यालाच विचारून घेतलें, आणि त्याच्या खालीं माझें घातलें.