दिवाणी दाव्याची तयारी : एका उपेक्षित विद्येचा मागोवा

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखानदारी पट्ट्यात आपल्या ज्ञातीची जी कुटुंबे नांदत आहेत, त्यांत वाटणीच्या अथवा जमिनीच्या कज्ज्याचे एखादे बासन नाही असे घर विरळाच. वकिलांची चरित्रे पुष्कळ झाली. परंतु वकिलापाठीमागे बसून कागद जुळविणारा, तारखा सांभाळणारा, साक्षीदारांस हजर ठेवणारा जो मदतनीस, त्याच्या विद्येकडे फारसे कोणी पाहिले नाही. तिचा मागोवा घेण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

पेशवाईत तंटा गोतसभेपुढे वा पंचायतीपुढे जाई. वादी-प्रतिवादी तकरीर व करीना लिहून देत, निवाडा मान्य करू म्हणून राजीनामा देत, आणि शेवटी निवाडपत्र होई. म्हणजे बाजू लेखी मांडण्याची रीत साहेबाने आणली, हा समज खरा नव्हे. १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेने दिवाणी अदालतींची घडी बसविली, आणि पुढे १८५९ च्या दिवाणी कार्यविधी कायद्याने मुदती, समन्स व पुरावा यांचे नियम आले. नियम वाढले, तसा अडाणी कुणबी मागे पडला.

१२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे जाळले. त्यांचा राग कागदावर का, हे ध्यानी घेण्याजोगे आहे. बहुसंख्य दाव्यांत ऋणको कोर्टात जातच नसे आणि एकतर्फी हुकूमनामा होई. यास्तव १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने शेतकऱ्याचे कर्जरोखे गावच्या निबंधकासमोर लिहिले जावेत असे ठरविले, आणि गावमुनसफापुढे वकील उभा करण्यास मनाई केली. उपाय चांगला, परंतु अर्धा; कागद वाचणारा माणूस घरात निर्माण झाला नाही.

तो निर्माण करण्याचा यत्न पुण्यात झाला. लोकमान्य टिळकांनी वकिलीच्या परीक्षांसाठी कायद्याचा वर्ग चालविला होता. ताईमहाराज प्रकरण १९०१ पासून १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलचा निकाल होईतो चालले, आणि चिकाटीने दावा लढविणे म्हणजे काय हे महाराष्ट्राने पाहिले. १९२४ साली पुण्यात विधि महाविद्यालय निघाले. वकील तयार होऊ लागले; मदतनीस मात्र वकिलाच्या ओसरीवर बघूनबघूनच शिकत राहिला.

मग कारखाने आले. १९५४ साली पिंपरीस पेनिसिलिनचा कारखाना, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ, १९७२ साली नवनगर प्राधिकरण (जे २०२१ मध्ये विसर्जित झाले). महामंडळाच्या संपादनास १९६१ चा स्वतंत्र कायदा होता. अन्यत्र १८९४ चा भूसंपादन कायदा चाले. त्या जुन्या कायद्यातील एक मेख ऐकण्यासारखी आहे. मोबदला कमी वाटल्यास कलम १८ प्रमाणे प्रकरण दिवाणी कोर्टात पाठविण्याचा अर्ज करता येई. निवाड्याच्या वेळी हजर असलेल्यास त्यासाठी सहा आठवडेच मिळत. आणि ज्याने हरकत न नोंदविता पैसे उचलले, त्याचा तो हक्कच जाई! ‘हरकत राखून’ एवढे दोन शब्द पावतीवर लिहावयाचे. ते सांगणारा कोणी जवळ असला तर सांगे. कोर्टात गेल्यावरही शेजारच्या जमिनीची खरेदीखते, विहीर, झाडे, पिके यांचा पुरावा जमवावा लागे. हे काम वक्तृत्वाचे नव्हे, धावपळीचे व नीटनेटकेपणाचे होय. २०१४ पासून तो कायदा गेला व नवा आला, तरी कामाचे स्वरूप बदलले नाही.

दिवाणी दाव्यात आज कैफियतीस समन्स मिळाल्यापासून ३० दिवस असतात. कारण दाखविल्यास न्यायालय ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. २००२ पासून सरतपास प्रतिज्ञापत्रावर होतो. अर्थात ते प्रतिज्ञापत्र कच्चे, तर उलटतपासात साक्षीदार उघडा पडतो. दस्तऐवजांची यादी, सातबारा व फेरफारांच्या नकला, घटनांचा तारीखवार तक्ता एवढे जो वकिलापुढे ठेवतो, त्याने अर्धी तयारी केली असे आम्ही समजतो.

या विद्येस राजमान्यता उशिरा मिळाली. विधी सेवा प्राधिकरणाचा १९८७ चा कायदा १९९५ मध्ये अंमलात आला, आणि २००९ मध्ये राष्ट्रीय प्राधिकरणाने विधी स्वयंसेवकांची योजना आखली. अशा स्वयंसेवकास वकिली करता येत नाही. त्यामुळे आपल्यातील काही मंडळी त्यास ‘अर्धा वकील’ म्हणून हिणवितात. पूर्वीचे कज्जेदलाल आठवून म्हणत असतील तर नवल नाही. परंतु दलालाचा लाभ कज्जा वाढण्यात असे. याचे काम पक्षकारास मुदत संपण्यापूर्वी योग्य दारी पोहोचविण्याचे आहे.

आपल्या जुन्या घरांतील पेट्यांत मोडी कागद आहेत. तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून हजर झाल्यास तो खरा असल्याचे न्यायालय गृहीत धरू शकते. २०२४ मध्ये साक्षीपुराव्याचा नवा कायदा आला, तरी ही तरतूद राहिली आहे. पेटी कोणाकडून कोणाकडे आली हे सांगणारी वृद्ध मंडळी अद्याप आपल्यात आहेत. मोडी वाचणारे मात्र बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत.