पंच, चित्रफीत आणि प्रेक्षक



ज्या मलकापुराहून मी आपणांशी बोलावयास आलो आहे, ते मुंबई-नागपूर लोहमार्गावरील कापसाच्या पेठेचे गाव आहे. फुटबॉलसाठी त्याचे नाव कोणी घेणार नाही. तथापि आमच्याकडील एका विद्यार्थ्याने मला विचारले, "गुरुजी, परदेशांत पंचाला चित्रफीत पाहून निर्णय बदलता येतो, आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये का नाही?" त्याचे उत्तर शोधताना मला थोडे इतिहासात शिरावे लागले.

प्रारंभीच्या फुटबॉलमध्ये मैदानावर पंच नसे. तंटा पडल्यास दोन्ही कर्णधार आपसांत निकाल लावीत. पुढे प्रत्येक पक्ष आपापला पंच आणू लागला, आणि त्या दोघांचे न जमल्यास वाद सीमारेषेबाहेरील तिसऱ्या गृहस्थाकडे सोपविण्यात येई. 'रेफरी' या शब्दाचा मूळ अर्थ हाच: ज्याच्याकडे वाद सोपवावयाचा, तो. १८९१ मध्ये हा गृहस्थ पूर्ण अधिकारासह मैदानात आला, आणि पेनल्टी किकचा नियमही त्याच वर्षीचा. योगायोग असा की, मुंबईची सुप्रसिद्ध रोव्हर्स चषक स्पर्धाही १८९१ मध्येच सुरू झाली. पहिला मान वूस्टरशायर पलटणीने मिळविला. गोऱ्या पलटणींची ही मिरास मोडून १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने चषक जिंकला. सांगण्याचा मुद्दा असा की, पंचाचा अधिकार जन्मसिद्ध नव्हता. खेळणाऱ्यांनी तो विश्वासाने त्याच्या हाती दिलेला होता.

हा विश्वास यंत्राने वाढतो काय? चित्रफितीची पद्धत २०१८ मध्ये नियमांत आली. गोल, पेनल्टी, थेट हकालपट्टी आणि खेळाडूची चुकीची ओळख, एवढ्या चारच बाबींपुरती तेव्हा तिची मर्यादा होती. तरीही जुलै २०२४ मध्ये नॉर्वेतील प्रेक्षकांनी तिच्या निषेधार्थ मैदानावर चक्क माशाचे वडे फेकले व सामना बंद पाडावा लागला. पुढे मार्च २०२५ मध्ये तेथील महासंघाच्या सभेने रीतसर मतदान घेऊन ती पद्धत कायम ठेवली. शेजारच्या स्वीडनमध्ये क्लबांची बहुमताची मालकी सभासदांकडे असते. त्या सभासदांनी नको म्हटले, आणि २०२४ मध्ये महासंघाने तो विचार सोडून दिला. दोन देशांत निकाल भिन्न लागले, परंतु दोन्हीकडे प्रश्न विचारण्यास जागा होती.

आता आपल्याकडे पाहा. ३ मार्च १९२३ नव्हे, ३ मार्च २०२३ ची गोष्ट. शंभर वर्षे मागे गेल्यासारखे वाटते म्हणून तोंडून तसे निघाले! बंगलोर येथे बाद फेरीच्या जादा वेळात सुनील छेत्रीने प्रतिपक्षाची फळी उभी राहण्यापूर्वीच फ्री किक मारून गोल केला. पंचाने तो मान्य करताच केरळ ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून गेला. महासंघाने त्या क्लबास चार कोटी रुपये दंड केला. शिस्त हवीच, परंतु पाहणाऱ्यास त्या निर्णयाची कारणमीमांसा मैदानावर कोणी सांगितली नाही.

याहून मोठी व्यथा गोव्याची आहे. राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळविणारा धेंपो क्लब, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तीन नामांकित संघांनी २०१६ मध्ये महासंघाच्या फेररचनेस विरोध म्हणून आय-लीग सोडली. ज्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या या संघांवर जीव लावला, त्यांचे रविवार एकाएकी रिकामे झाले. मग ११ जुलै २०२५ रोजी सुपर लीगचाच हंगाम स्थगित झाला. महासंघ व चालक कंपनी यांच्यातील २०१० चा पंधरा वर्षांचा करार डिसेंबरात संपणार होता आणि नव्याचा पत्ता नव्हता. ऑक्टोबरात निविदा काढली, ती कोणी भरली नाही. २ जानेवारी २०२६ रोजी छेत्रीप्रभृती खेळाडूंनी स्वतःच एक चित्रफीत प्रसिद्ध करून जागतिक संघटनेकडे दाद मागितली. चार दिवसांनी क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारीपासून स्पर्धा सुरू होईल असे जाहीर केले. तत्पूर्वीच मुंबई सिटी संघातून त्याच्या परदेशी भागीदारांनी अंग काढून घेतले होते.

या साऱ्या घडामोडींत तिकीट काढून बसणाऱ्या प्रेक्षकाचे मत कोणी विचारले? शाळेत हुतूतूचे सामने घेताना मला एक अनुभव नेहमी येई. माझा निर्णय चुकला तर मुले हिरमुसत, पण विसरून जात. मात्र "का?" असे विचारल्यावर मी "गप्प बसा" म्हटले, की तो सल वर्षभर टिके.

म्हणून त्या विद्यार्थ्यास मी म्हटले, "बाळ, चित्रफीत यावी, अवश्य यावी. परंतु ती पंचाची चूक दाखवील. हंगाम का बुडाला हे दाखविणार नाही. त्यासाठी चालकांनी प्रेक्षकांसमोर उभे राहून उत्तर देण्याची रीत पडली पाहिजे." ती रीत पडावी, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.