शेवट ठाऊक असलेला प्रेक्षक

रहस्यपटाचा शेवट फोडणाऱ्याला लोक शिव्या घालतात. पण शेवट आधीच ठाऊक असेल तर? मराठी प्रेक्षकाने हे १९६६ सालीच अनुभवलं. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ १९६४ चा. त्यावरूनच राज खोसला यांनी १९६६ मध्ये हिंदीत ‘मेरा साया’ काढला. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. दोन्ही सिनेमे पाहिलेले आमच्यासारखे लोक इथेही होते.

वकिलाची बायको वारते आणि पोलिसांनी पकडलेली एक बाई म्हणते, मीच तुमची बायको. साठ वर्षं झाली, आता सांगायला हरकत नाही: ती खरंच बोलत असते. मेलेली असते तिची जुळी बहीण.

‘पाठलाग’ पाहताना सगळं थिएटर वकिलाच्या बाजूने. बाई किती बेमालूम खोटं बोलते, याचंच नवल. ‘मेरा साया’त मात्र नवराच साधनाची उलटतपासणी घेऊ लागला की जीव तुटायचा. ती खरं सांगतेय हे आम्हाला ठाऊक, आणि कोर्टात तिचं कोणी ऐकत नाही!

शेवट आधी कळला की मजा जाते म्हणतात. जात असेल, पण त्या बाईची बाजू तेव्हाच दिसते.