घाटावरची शिळा, घाटाखालची उंची

मराठीत शिल्पाविषयी झालेले लेखन बव्हंशी मूर्तिलक्षणांच्या अंगाने झाले. आयुधे कोणती, हात किती, शैली चालुक्य की यादव, एवढे ठरले की विवेचन थांबते. शिल्पाचे द्रव्य आणि त्याचे भोवतालच्या अवकाशाशी असलेले नाते हा प्रश्न गौणच राहिला. समकालीन शिल्पविचारात मात्र तोच मध्यवर्ती आहे. रॉबर्ट स्मिथसन यांनी १९७० साली अमेरिकेतील युटा राज्यात, ग्रेट सॉल्ट लेकमध्ये, बेसॉल्टचे धोंडे व माती यांचा १५०० फूट लांबीचा सर्पिल धक्का रचला. अशा कृतींमुळे शिल्प ही संकल्पनाच विस्तारली, असे प्रतिपादन रोझालिंड क्राउस यांनी १९७९ च्या निबंधात केले.

बुलडाणा जिल्ह्यातील लोणारचे विवरही बेसॉल्टमधलेच. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, उल्काघाताने पडलेले, खाऱ्या पाण्याचे. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झाले, तेव्हा स्मिथसन यांना मोहवणाऱ्या तांबूस पाण्याची आठवण होणे स्वाभाविक होते. हे साम्य आकर्षक असले तरी 'आमच्याकडे हे आधीच होते' असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे ठरेल. स्मिथसन यांना स्थळ निवडता आले. लोणारच्या पाथरवटाला स्थळ आणि दगड एकदमच मिळाले.

लोणारचा मोठा मारुती आडवा आहे. खुलताबादचा भद्रा मारुती सोडल्यास मराठी मुलखात ही अवस्था विरळाच. लक्षणीय हे की, या मूर्तीचे नवल सांगताना गावकरी पुराणकथेपाशी थांबत नाहीत; दगडात चुंबकत्व आहे, असे सांगतात. खरेखोटे बाजूला ठेवले तरी लोकमानस येथे द्रव्याविषयी बोलते आहे, जे अभ्यासकांनी क्वचितच केले.

मेहकरच्या शारंगधर बालाजीची कथा अवकाशाची आहे. सुमारे ११ फुटी काळ्या पाषाणाची ही मूर्ती १८८८ मध्ये जमिनीतून निघाली. इंग्रज अधिकारी ती लंडनला नेतील या धास्तीने लोकांनी घाईने प्राणप्रतिष्ठा उरकली, असे सांगतात. संग्रहालयात तीच शिळा 'नमुना' झाली असती. कोरीव काम तसेच राहिले असते. पाहण्याचा व्यवहार पार बदलला असता.

लोणार, मेहकर घाटावर, नांदुरा घाटाखाली. (मराठी समीक्षेने 'घाट' हा शब्द रूपासाठी योजला; येथे भूगोलाचा घाटच रूप ठरवतो.) पूर्णेच्या खोऱ्यात गाळाची काळी माती खोल आहे, पृष्ठभागावर कातळ दिसत नाही आणि नजरेला अडवणारे काही नाही. तेथे उभी असलेली १०५ फुटी हनुमानमूर्ती कोरलेली नाही, बांधलेली आहे. कोरण्यात दगडाचा विरोध असतो. हत्याराला त्याच्या शिरांशी तडजोड करावी लागते. बांधण्यात तो विरोध उरत नाही, म्हणून उंचीला आतून मर्यादा येत नाही आणि आकड्यालाच महत्त्व येते.

ही अभिरुचीची घसरण म्हणून झटकून टाकणे समीक्षेला सोयीचे आहे. पण त्यामुळे त्या मूर्तीचा प्रेक्षक नजरेआड होतो. मुंबई–कोलकाता महामार्ग, पूर्वीचा क्रमांक ६ व आताचा ५३, हाच तिचा सभामंडप. मेहकरच्या गाभाऱ्यात भाविक थांबतो आणि मूर्ती अंधारातून हळूहळू उमटते. नांदुऱ्यात प्रेक्षक वेगात असतो. सपाट शिवारावर ती दुरूनच पूर्ण दिसते, आणि गाडी पायथ्याशी येते तेव्हा खिडकीच्या चौकटीत मावत नाही.