मालकाला उशीर का होतो?

मंडळी, लिनक्सवर एक गंमत दिसते. साध्या वापरकर्त्याने सगळी डिस्क धुंडाळायला सांगितली तर काम पुष्कळदा लवकर आटोपते. तेच ‘रूट’ने, म्हणजे सर्वाधिकारी मालकाने सांगितले की रेंगाळते. अधिकार वाढले की वेग घटतो की काय?

केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली बेल लॅब्जमध्ये युनिक्स सुरू केली. तिच्यातली फोल्डरे जुन्या वाड्यासारखी. माजघरात जायचे तर दिंडी दरवाजा, चौक, ओसरी ओलांडायलाच हवी आणि प्रत्येक उंबऱ्यावर परवानगी तपासली जाते.

ही तपासणी कशी चाले ते जॉन लायन्स यांच्यामुळे कळते. सिडनीतल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले हे प्राध्यापक. १९७६-७७ च्या सुमारास त्यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा मूळ प्रोग्रॅम विद्यार्थ्यांसाठी छापला आणि त्यावर भाष्य लिहिले. पुढे १९७९ च्या आवृत्तीच्या परवान्याने वर्गात असे शिकवणेच बंद केले! मुलांनी अर्थातच झेरॉक्स काढल्या. रीतसर पुस्तक निघाले ते १९९६ मध्ये. (शिक्षक म्हणून मला या माणसाचे फार कौतुक आहे.) असो.

त्या प्रोग्रॅममध्ये वापरकर्त्याचा क्रमांक शून्य, म्हणजे रूट असेल तर त्याला जवळजवळ काही न विचारता आत सोडतात. पण यात वाचतात दोन-चार तुलना. खरा वेळ जातो तो डिस्कवरून वाचण्यात. साधा माणूस बंद दारावरूनच परततो, त्यामागच्या हजारो फायली त्याला वाचाव्याच लागत नाहीत. मालकाला मात्र प्रत्येक खोली पाहावी लागते.

१९९३ साली आलेल्या विंडोज एनटीने वेगळा मार्ग धरला. मधले उंबरे न तपासता पुढे जाण्याची सवलत तिथे मुळातच सर्वांना दिलेली असते. वेग मिळतो, पण बाहेरचे दार लावून आतले सामान सुरक्षित राहत नाही. पूर्ण पत्ता ठाऊक असला आणि त्या फाइलची स्वतःची परवानगी असली की माणूस थेट माजघरात! मला हे पटत नाही. घरातल्या प्रत्येक डब्याला वेगळे कुलूप कोण लावत बसणार?

लिनक्सने तपासणी सोडली नाही. २०११ च्या २.६.३८ या आवृत्तीत निक पिगिन यांच्या कामामुळे, स्मरणात असलेल्या फोल्डरांमधून जाताना प्रत्येक ठिकाणी आल्या-गेल्याची नोंद करत थांबण्याची गरज बहुतेक वेळा उरली नाही. उंबऱ्यावरचा प्रश्न मात्र अजूनही विचारला जातोच.